सायकल दिली, बस काढून घेतली

नागपूरहून भंडारा, साकोली, देवरी करीत पूर्वेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग राजनांदगाव, दुर्ग, भिलाई ओलांडून कुम्हारीवरून रायपूरला पोहोचतो. रस्ता एकच आहे आणि त्याचा क्रमांकही, ५३, एकच आहे. परंतु बाघनदीपाशी राज्याची सीमा लागली की या रस्त्याने शाळेला जाणाऱ्या मुलामुलींचे हक्क बदलतात. अलीकडे, गोंदिया जिल्ह्यातील देवरी तालुक्यात, विद्यार्थ्याच्या दप्तरात एसटीचा मासिक पास असतो. त्याने भाड्याचा एक तृतीयांश भाग भरावयाचा, दोन तृतीयांश माफ. ग्रामीण मुलींना तर अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंतचा प्रवास पूर्ण मोफत. पलीकडे, राजनांदगावपासून थेट कुम्हारीपर्यंत, असा पास मागावयाचा तर कोणाकडे मागावयाचा हाच प्रश्न आहे. ज्या महामंडळाने तो द्यावयाचा, ते महामंडळच अस्तित्वात नाही.

भिलाई, दुर्ग, रायपूर या पट्ट्यातील मराठी वाचकांना हे नव्याने सांगावयास नको. १९५६ पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती. विदर्भातून गेलेली कुटुंबे तेथील रेल्वेत, गिरण्यांत आणि पुढे पोलाद कारखान्यात कामाला लागली. मध्य प्रदेशचे राज्य मार्ग परिवहन महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले आणि नव्या राज्याने पहिल्या काही वर्षांतच सरकारी बससेवा गुंडाळून टाकली. मूळ मध्य प्रदेशानेही २००५ मध्ये तोच मार्ग धरला. कारण सांगण्यात आले ते तोट्याचे. हा तोटा कशाने झाला, गाड्या नव्या का घेतल्या नाहीत, फायद्याच्या मार्गांचे परवाने खाजगी मालकांना कोणी वाटले, हे प्रश्न विचारण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाही. तोटा म्हणजे जणू आभाळातून पडलेले संकट!

महामंडळ गेल्यावर बस गेली असे मात्र म्हणता येणार नाही. रायपूर–दुर्ग रस्त्यावर खाजगी गाड्या धावतात. परंतु खाजगी गाडी धावते ती जेथे आसने भरतात तेथे आणि ज्या वेळी भरतात त्या वेळी. शाळा सुटण्याची वेळ तिच्या वेळापत्रकात नसते. महामार्गापासून आत असलेले गाव तिच्या हिशेबात बसत नाही. आणि सवलतीचा प्रवासी म्हणजे तिच्या मालकाला आसन अडवून बसलेला अर्धा प्रवासी वाटतो. त्यात त्या मालकाची वृत्ती वाईट आहे असे मानण्याचे कारण नाही. नफ्यासाठी चालणारा धंदा असाच चालणार. म्हणूनच विद्यार्थ्याचा पास हा प्रश्न मुळात औदार्याचा नसून मालकीचा आहे.

गेल्या काही वर्षांतील घटनाच पाहा. तामिळनाडूने २०२१ मध्ये साध्या बसगाड्यांत स्त्रियांना मोफत प्रवास दिला. महाराष्ट्राने मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांचे भाडे निम्मे केले. त्याच वर्षी जूनमध्ये कर्नाटकाने शक्ती योजना आणली, डिसेंबरमध्ये तेलंगणाने तशीच योजना सुरू केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आंध्रनेही. या सरकारांचे पक्ष वेगळे, रंग वेगळे, हेतूही बहुधा निवडणुकीचे. परंतु त्या सर्वांना एक गोष्ट करता आली, कारण त्यांच्या हाती बसगाड्या होत्या. ज्या राज्याने गाड्या विकल्या, डेपो मोकळे केले, त्याला उद्या सुबुद्धी झाली तरी ती राबविणार कशातून? २०२५ साली बस्तर आणि सरगुजा विभागांसाठी ग्रामीण बस योजना जाहीर करण्याची वेळ छत्तीसगड सरकारवर आली, यातच पूर्वीच्या निर्णयाचा निकाल लागलेला आहे.

बस काढून घेतलेल्या या राज्याने मुलींना सायकल मात्र दिली. सरस्वती सायकल योजनेखाली अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींना नववीत गेल्यावर मोफत सायकल मिळते. आपल्याकडे काही मंडळींना अशा योजनांची थट्टा करण्याची सवय आहे. आम्ही ती करणार नाही. सायकलीने मुलींच्या आयुष्यात काय घडते याचा पुरावा आता भक्कम आहे. बिहारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून या योजनेचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधील अंतर ४० टक्क्यांनी घटले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा परिणाम प्रामुख्याने दिसला तो शाळा ३ किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत. त्याच्याही आधी, १९९० च्या दशकाच्या आरंभी, तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता चळवळीने ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविली होती. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या हजारो बायका सायकलीवर बसल्या आणि बसची, नवऱ्याची, भावाची वाट पाहणे संपले. अक्षरांइतकेच महत्त्व तेथे चाकांना आले.

तेव्हा तक्रार सायकलीबद्दल नाही. ती बसच्या बदल्यात दिली गेली याबद्दल आहे, आणि कोणती सायकल दिली याबद्दलही आहे. यांपैकी दुसऱ्या प्रश्नाकडे आपल्या चळवळीचे फारसे लक्ष गेलेले नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे.

सायकल हे यंत्र कोणा एका प्रतिभावंताच्या डोक्यातून पुरे होऊन बाहेर पडले नाही. १८१७ मध्ये कार्ल ड्राइस या जर्मन माणसाने दोन चाकांचे लाकडी वाहन केले, त्याला पायडलच नव्हते. पायाने जमीन ढकलीत जावे लागे. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. वेग वाढवावयाचा तर चाक मोठे करण्यावाचून मार्ग नव्हता, म्हणून पुढचे चाक माणसाएवढे उंच झाले. त्यावर बसणे हा धाडसी आणि पैसेवाल्या तरुणांचा खेळ बनला. स्त्रिया, म्हातारे, कामावर जाणारे मजूर यांना तेथे जागा नव्हती. मागच्या चाकाला साखळीने गती देण्याची युक्ती साधली आणि १८८५ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने रोव्हर नावाची सायकल बाजारात आणली. दोन सारखी चाके, पायांत साखळी, पाय जमिनीला टेकण्याएवढी उंची. आज आपण चालवितो ती सायकल सांगाड्याने हीच. १८८८ मध्ये डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले, शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील आले आणि सायकल कामगाराच्या आवाक्यात आली. इंग्लंडात समाजवाद्यांचा क्लॅरियन सायकल क्लब १८९४ चा. जर्मनीत कामगार सायकलस्वारांची सॉलिडारिटेट ही संघटना १८९६ ची. पत्रके, वर्तमानपत्रे आणि सभेची वार्ता गावोगाव पोहोचविण्याचे काम या चाकांनी केले.

अर्थात या प्रगतीला दुसरीही बाजू आहे. हवेच्या टायरांसाठी रबराची मागणी भडकली आणि तिची किंमत बेल्जियमच्या राजा लिओपोल्डच्या ताब्यातील काँगोच्या जनतेने आपल्या रक्ताने चुकविली. युरोपातल्या कामगाराची सायकल सुखाने धावू लागली ती कोणाच्या हातांनी काढलेल्या रबरावर, हे त्या काळच्या फार थोड्या लोकांनी विचारले.

भारतात सायकल आली ती आयात होऊन. स्वातंत्र्यानंतर चेन्नईजवळ अंबत्तूर, बंगालमध्ये आसनसोल, हरियाणात सोनीपत, पंजाबात लुधियाना येथे कारखाने उभे राहिले आणि काळी, जड, २८ इंची चाकांची, सळईच्या ब्रेकची इंग्रजी धाटणीची सायकल देशी बनली. भिलाईच्या फाटकांवर पाळी सुटताना याच सायकलींचा लोंढा बाहेर पडत असे. दूधवाल्याने तिच्यावर किटल्या लादल्या, कोळसा वाहणाऱ्याने पोती. या सायकलीचा अपमान करण्याचे कारण नाही. तिने या देशाचे ओझे वाहिले आहे. परंतु ती बनली होती प्रौढ पुरुषासाठी. मुलींसाठी त्यातून आडवी दांडी काढली, साखळीवर झाकण बसविले, पुढे टोपली अडकविली आणि लेडीज सायकल तयार झाली असे समजण्यात आले. वजन तेच, एकच गती, एकच माप. नववीतील मुलीची उंची किती, तिच्या दप्तराचे वजन किती, तिच्या गावच्या वाटेवर मुरूम आहे की चिखल, याचा विचार त्या आराखड्यात कोठेच नव्हता.

दरम्यान जगात सायकलीच्या आराखड्याचे काम थांबलेले नव्हते. चाकाच्या तुंब्यातच बसविलेले तीन गतींचे गिअर इंग्लंडात विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच निघाले होते. तुंब्यातील डायनामोवर जळणारा दिवा ही जुनी गोष्ट आहे. पुढे अॅल्युमिनियम आले, कार्बनचे धागे आले, बॅटरी आली. (सायकल चालताना का पडत नाही, याचे जुने स्पष्टीकरण अपुरे आहे असे दाखविणारा शोधनिबंध २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, तेव्हा या यंत्राबद्दल सारे कळून चुकले आहे या भ्रमात कोणी राहू नये.) परंतु या सुधारणा वाटल्या कशा गेल्या? शहरातील सधन घरच्या मुलाच्या सायकलीला एकवीस गिअर, डिस्क ब्रेक आणि धक्के शोषणारा चिमटा. तो ती सोसायटीच्या आवारात फिरवितो. रोज सहा किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या मुलीला मात्र निविदेतील सर्वांत कमी बोलीची सायकल. जिची गरज मोठी तिला जुने यंत्र आणि ज्याला गरज नाही त्याला नवे, हा बाजाराचा न्याय आहे.

गरिबाच्या रस्त्यासाठी चांगली सायकल बनविता येत नाही असे नाही. आफ्रिकेतील ग्रामीण भागासाठी बफेलो नावाची सायकल मुद्दाम तयार करण्यात आली. ती दिसायला साधी आणि वजनाने भक्कम आहे; मागचे कॅरिअर १०० किलो ओझे सोसते आणि सुटे भाग स्थानिक दुरुस्तीवाल्याला बसविता येतात. झांबियात दूरच्या शाळांत जाणाऱ्या मुलींना ती देऊन पाहणी करण्यात आली, तेव्हा शाळा बुडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले आणि वाटेचा वेळ सुमारे एक तृतीयांशाने वाचला. पुढे २०२३ च्या सुमारास तिची दोन गतींची आवृत्ती निघाली. तिच्यात दोन साखळ्या आहेत. पायडल किंचित उलटे फिरविले की एकीवरून दुसरीवर जोर जातो आणि चढ सोपा होतो. ना तार, ना नाजूक काटा. मोडण्यासारखे फार थोडे. हे करणारे अभियंते उच्च प्रतीच्या शर्यतीच्या सायकलींचे भाग बनविणाऱ्या धंद्यातलेच होते. प्रश्न बुद्धीचा नव्हताच, ती कोणासाठी वापरावयाची एवढाच होता.

लाखो सायकली एकगठ्ठा विकत घेणारे सरकार हे या देशातले सायकलींचे मोठे गिऱ्हाईक आहे. त्याने निविदेत दिवा लिहिला तर दिवा येईल, दोन मापांच्या फ्रेम लिहिल्या तर दोन मापे येतील. लुधियानाच्या लहानमोठ्या कारखान्यांतील कामगारांच्या हातांत हे कौशल्य आहे आणि त्यांना काम हवे आहे. सोनीपतची जुनी अॅटलस कंपनी आठवावी: साहिबाबाद येथील तिचा अखेरचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद झाला आणि शेकडो कामगार रस्त्यावर आले. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला हे ठीक झाले. परंतु कर कमी झाल्याने फ्रेमचे माप बदलत नाही. बिहारने सुरुवातीला रोख रक्कम दिली, त्यामुळे निदान दुकानात जाऊन सायकल पारखून घेण्याचा अधिकार मुलीकडे राहिला. एकगठ्ठा खरेदीत तो अधिकार जातो. सुटे भाग येतात, शाळेच्या आवारात घाईने जुळविले जातात, वाटपाच्या दिवशी पुढाऱ्यांची छायाचित्रे निघतात. पुढे ब्रेक लागत नाही म्हणून मुलगी कोणाकडे जाणार?

आणि ब्रेक लागत नसलेली ती सायकल घेऊन तिला जावयाचे आहे महामार्गावर. कुम्हारीचे वैशिष्ट्य हे की गाव महामार्गावरच वसलेले आहे. पोलाद, सिमेंट, कोळसा वाहणारे मालट्रक येथून रात्रंदिवस जातात. डिसेंबर २०२२ मध्ये येथील अर्धवट बांधलेल्या उड्डाणपुलावरून मोटारसायकल खाली कोसळून पतिपत्नीचा मृत्यू झाला. पूल पुरा नाही हे वाहनाला वेळीच कळण्याची व्यवस्था नव्हती. ९ एप्रिल २०२४ च्या रात्री कुम्हारीतच एका कारखान्याची कामगारांना नेणारी बस मुरुमाच्या खोल खाणीत पडली आणि किमान १२ जण ठार झाले. सायकल कितीही सुधारली तरी अशा रस्त्यावर ती सुरक्षित होत नाही. रस्ता हा सायकलीच्या आराखड्याचाच भाग आहे. हॉलंडमधील वेगळे सायकलमार्ग आज कौतुकाने दाखविले जातात. १९७१ मध्ये तेथे रस्त्यांवर ४०० हून अधिक मुले मेली आणि त्यानंतर आईबापांनी रस्ते अडवून आंदोलन केले, त्यातून ते मार्ग आले. निसर्गतः सपाट देश म्हणून नव्हे.

येथे महाराष्ट्राकडे बोट दाखविताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. २०११ पासून मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांत एक समंजस वाटणी करण्यात आली: शाळेपासून ५ किलोमीटरांच्या आतील गरजू मुलींना सायकल, त्यापलीकडच्यांना एसटीची खास बस. बस आणि सायकल यांना एकमेकींच्या जागी नव्हे तर एकमेकींच्या जोडीला उभे करणारी ही कल्पना छत्तीसगडने उचलण्याजोगी आहे. परंतु ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कामगारांचा संप चालला, तेव्हा मोफत पास दप्तरातच राहिले. ज्या सरकारला महामंडळ कामगारांचे वेतन वेळेवर देता येत नव्हते, सवलतींची भरपाई थकत होती, त्याने संप लांबविला आणि भुर्दंड पडला खेड्यातल्या विद्यार्थ्यांवर. पास म्हणजे अखेर एक कागद आहे. त्याच्यामागे गाडी, चालक, वाहक आणि डिझेल उभे असेल तरच त्याला अर्थ. शाळेच्या पासाची मागणी करणाऱ्या विद्यार्थ्याचा आणि वेतन मागणाऱ्या वाहकाचा लढा एकच आहे, हे त्या पाच-साडेपाच महिन्यांत जेवढे स्पष्ट झाले तेवढे पूर्वी कधी झाले नसेल.

सवलतीचा प्रश्न क्षुल्लक समजणाऱ्यांसाठी केरळचा इतिहास आहे. १९५८ मध्ये कम्युनिस्ट मंत्रिमंडळाच्या काळात आलप्पुळा भागातील जलवाहतूक सरकारकडे आल्यावर विद्यार्थ्यांचे बोटीचे भाडे एक आण्यावरून दहा पैशांवर गेले. रक्कम किती, तर चार पैशांहूनही कमी वाढ. त्यावरून जे विद्यार्थी आंदोलन पेटले त्याने काँग्रेसच्या विद्यार्थी संघटनेचा पाया पक्का केला. आपल्या सरकारविरुद्धचे म्हणून ते आंदोलन विसरून जावे असे नाही. उलट तेच अधिक ध्यानात ठेवावे. आज त्याच केरळात खाजगी बसमालकांनाही विद्यार्थ्यांना सवलत द्यावी लागते आणि २०२२ च्या भाडेवाढीतही विद्यार्थ्यांचे किमान भाडे १ रुपयाच राहिले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ६७ व्या कलमाने भाडे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राज्य सरकारला दिलेला आहे. छत्तीसगडलाही दिलेला आहे. खाजगी गाड्यांवर सरकारचा इलाज चालत नाही ही सबब म्हणूनच टिकत नाही.

कुम्हारीपुरते बोलावयाचे तर तेथे आणखी एक दार उघडे आहे. हावडा–मुंबई मार्गावरील हे स्थानक आहे आणि शाळा-महाविद्यालयासाठी मुलींना पदवीपर्यंत, मुलांना बारावीपर्यंत दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मोफत देते. हा हक्क किती पालकांना माहीत आहे? आणि माहीत असला तरी २०२२ पासून छत्तीसगडमधील प्रवासी गाड्या घाऊक प्रमाणात वारंवार रद्द करण्यात आल्या, कोळशाच्या गाड्यांना मात्र वाट मोकळी राहिली. सकाळची गाडी रद्द झाली की मोफत पास मोफतच राहतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने शहरांसाठी १०,००० विद्युत बसगाड्यांची योजना मंजूर केली. तीत दुर्ग-भिलाईच्या वाट्याला ५० गाड्या आल्या. गाड्या कंत्राटदाराच्या आहेत, ही या योजनेची उणीव आहेच. परंतु तिच्यात कंत्राटदाराला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरांवर. तिकिटाचा दर ठरविणे सार्वजनिक यंत्रणेच्या हाती राहते. म्हणजे विद्यार्थी बसल्याने मालकाचे आसन बुडते हा जुना युक्तिवाद येथे लागूच पडत नाही. मग विद्यार्थ्यांचा पास पहिल्या दिवसापासून का नको? आणि गाडी भिलाईच्या सेक्टरांत फिरून परत न जाता शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी कुम्हारीपर्यंत का येऊ नये? मार्ग आणि वेळा नगरपालिकेच्या व महापालिकेच्या कागदावर ठरतात. तो कागद पाहण्यास मागावा, शाळांच्या वेळा त्याच्याशी ताडून पाहाव्यात आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी हे काम व्हावे.